बेटांवरच्या पालींचा डीएनए शिकवणारा ऑनलाइन कोर्स - माझा रिव्ह्यू

कालच संपवला हा कोर्स आणि अजून डोक्यातून जात नाहीये. पाली एका बेटावरून दुसऱ्यावर कशा पोचल्या हे डीएनएवरून कसं ओळखतात, एवढाच विषय, पण काय समजावलंय!

बेस्ट भाग कॅनरी बेटांवरच्या (आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळची स्पेनची बेटं) टॅरेन्टोला जातीच्या पालींचा. एल हिएरो हे तिथलं सगळ्यात तरुण बेट, साधारण ११ लाख वर्षांचं, आणि त्याच्या जवळ ला गोमेरा, म्हणजे पाली तिथूनच आल्या असणार असं कुणालाही वाटेल ना, पण मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग) डीएनए जुळतो तो लांबच्या ग्रान कनारियावरच्या पालींशी! ते फॅमिली ट्री स्क्रीनवर फांदी फांदी करून उलगडतात तेव्हा मी व्हिडिओ थांबवून दोनदा मागे नेला. केप व्हर्द या आणखी दक्षिणेकडच्या बेटांवरच्या पाली तर कॅनरीवरूनच समुद्रातून हजारहून जास्त किलोमीटर वाहत गेल्या, बहुतेक झाडाझुडपांच्या तराफ्यावर, आणि मग तिथे बेटागणिक वेगळ्या होत गेल्या.

मॉलेक्युलर क्लॉकवाला भाग (डीएनएतले बदल, म्हणजे म्युटेशन, मोजून काळ ठरवायची पद्धत) मात्र घाईत उरकलाय, बेटाच्या वयावरून म्युटेशनचा वेग काढायचा तर बेट तयार झाल्या झाल्या पाली आल्या असं धरावं लागतं, ही मोठी अडचण आहे आणि तिला जेमतेम दोन मिनिटं दिलीत. नकाशेही मोबाईलवर बारीक दिसतात, लॅपटॉपवरच बघा.

तरी माझ्याकडून साडेचार स्टार. बायोलॉजी बारावीनंतर सुटलेल्यांनाही सहज जमेल.