गॅलरी नसलेल्या घराचं अंगण: ठाण्यातल्या उघड्यावरच्या संध्याकाळी, पाच महिन्यांनंतर

जानेवारीअखेर आम्ही नौपाड्यातल्या भाड्याच्या घरात आलो. दोन खोल्या, गॅलरी नाही, खिडक्यांना लोखंडी जाळी. त्याच सुमारास सांगलीकडून सासूबाई आल्या. आयुष्यभर दिवेलागणीला अंगणात बसलेल्या बाईला संध्याकाळी पंख्याखाली बसवायचं, हे मला पटेना. म्हणून फेब्रुवारीपासून आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी आम्ही त्यांना आणि सहावीतल्या मुलाला घेऊन बाहेर पडायला लागलो. पाच महिन्यांत जे कळलं ते लिहिते आहे. घरी म्हातारं माणूस किंवा मूल असेल, तर कुणाला तरी उपयोगी पडेल.

सगळ्यात जास्त बसलो ते उपवन तलावावर. कारण साधं आहे आणि ते कळायला मला दीड महिना लागला. उपवनच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे. सूर्य मावळायच्या आधीच त्या डोंगराआड जातो, त्यामुळे शहरात बाकी ठिकाणी तिरपं ऊन डोळ्यांत येत असतं तेव्हा इथं सावली पडलेली असते. मे महिन्यात ही पाऊण तासाची सावली फार मोलाची. पण घाटाच्या दगडी पायऱ्या दिवसभर तापलेल्या असतात आणि ऊन गेल्यावरही बराच वेळ निवत नाहीत. सासूबाई पहिल्या दिवशी बसल्या आणि लगेच उठल्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही गोधडीचं जाड बसकर बरोबर न्यायला लागलो. एवढ्या एका गोष्टीनं आमची बैठक वीस मिनिटांवरून दीड तासावर गेली. सातनंतर मात्र डास येतात, तेव्हा पाय झाकलेले कपडे घाला.

मे महिन्यात तिथं येऊरच्या पाड्यांवरच्या बायका पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन बसायच्या. मुलानं करवंदं आधी कधी खाल्लीच नव्हती. आजीनं त्याला करवंद फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळायला शिकवलं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. त्या दिवसापासून त्यानं संध्याकाळी मोबाइल मागायचं सोडलं, हे मी अगदी खरं सांगते.

मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी, घरापासून चालत जाण्याजोगी. तिथं गर्दी, गाड्यांचे भोंगे, उभं राहायला जागा नाही, हे सगळं खरं आहे. तरीही जिवंतपणा हवा असेल तर तलावपाळीच. पाण्यावरचे दिवे, होड्या, कोपिनेश्वराची घंटा, गडकरी रंगायतनमधून नाटक सुटल्यावर बाहेर येणारी माणसं आणि त्यांच्या तावातावानं चाललेल्या चर्चा. सासूबाईंना त्या ऐकायला फार आवडायचं. शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवारी रात्री साडेआठला कठड्याजवळ जागा मिळते. आणि गुढीपाडव्याला कोपिनेश्वर मंदिरातून निघणारी शोभायात्रा ठाण्यात राहून एकदा तरी पाहावी. लेझीम बघताना आमच्या सासूबाईंचे पाय जागच्या जागी हलत होते.

फक्त चालायचं असेल तर पाचपाखाडीतला कचराळी तलाव बरा. बसायला मला तिथं फार करमलं नाही.

पैसे देऊन उघड्यावर जेवण्याचा प्रयोग आम्ही दोनदा केला. एकदा घोडबंदर रस्त्याच्या बाजूच्या एका बागेतल्या हॉटेलात, माझ्या वाढदिवसाला. चौघांचं बिल अठ्ठावीसशेच्या पुढे गेलं. ते जाऊ दे, पण तिथं गारव्यासाठी पाण्याचे तुषार सोडणारे पंखे लावले होते. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत पाणी उडून जातं आणि गार वाटतं. आपल्याकडे मे महिन्यात हवेतच इतकं पाणी असतं की अंगावरचा घामसुद्धा वाळत नाही. तिथं तो पंखा फक्त पोळी आणि चष्मा ओला करतो. गाणी इतकी मोठ्यानं लावली होती की आजीला नातवाचं बोलणं ऐकू येईना. मला खूप वाईट वाटलं, कारण मी महिनाभर त्या दिवसाची वाट पाहिली होती. ठाण्यात बाहेरच्या टेबलावर बसायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी. उन्हाळ्यात सरळ आत बसा.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. खाणं एकीकडे, बसणं दुसरीकडे. विष्णुनगरच्या गजाननचा वडापाव त्या पिवळ्या बेसनाच्या चटणीसकट बांधून घ्यायचा, घरून बाटलीत कोकम सरबत आणि डब्यात दहीभात घ्यायचा आणि पाण्याकाठी बसून खायचं. तिखट-मीठ लावलेली कैरी, कधी ताडगोळे. जातायेताचा टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या) बसचा खर्च धरूनही वाढदिवसाच्या बिलाच्या दहाव्या हिश्श्यात भागतं. कागद आणि द्रोण मात्र परत पिशवीत घालून आणा. तलावात तरंगणाऱ्या पिशव्या पाहून जीव तुटतो.

फुकटातलं करमणुकीचं सांगायचं तर ठाण्याचे कट्टे. आचार्य अत्रे कट्ट्यावर व्याख्यानं, मुलाखती, गाणी होतात आणि तिकीट नसतं. अभिनय कट्ट्यावर नवी मुलं एकांकिका, एकपात्री करतात. एका रविवारी एका मुलीचं वाक्य मधेच अडलं. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी ‘सावकाश गं बाळा’ म्हटलं आणि तिनं प्रवेश पुन्हा पहिल्यापासून केला. अख्ख्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या जवळून नाटक माझ्या मुलानं पहिल्यांदा पाहिलं. आता त्याला शाळेच्या नाटकात काम करायचंय.

एक मोठी उणीव मात्र बोललीच पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला दीड तास बाहेर बसवायचं तर जवळ स्वच्छ स्वच्छतागृह लागतं. सासूबाई दुपारी चारनंतर पाणी प्यायच्या नाहीत, हे मला एप्रिलमध्ये कळलं. उन्हाळ्यात हे धोक्याचं आहे. मग आम्ही जाण्याआधी वाटेतली चांगली सोय शोधून ठेवायला लागलो आणि त्यांना पाणी प्यायला लावलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून हे बघा.

जूनच्या सुरुवातीला वळवाची सर आली आणि आमच्या बैठका थांबल्या. परवा सासूबाई गावी गेल्या. जाण्याआधी त्यांनी शेजारच्या काकूंना उपवनच्या घाटावरची आमची पायरी नीट समजावून सांगितली: वरून तिसरी, जिथलं ऊन आधी जातं. बसकरही त्यांच्याकडेच दिलंय.