घराच्या टॅक्सवर हरकत घेतली, त्याचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

उन्हाळ्यात दिलेल्या हरकतीचा निकाल दिवाळीनंतर हाती आला, म्हणून आता सविस्तर लिहिते. नागपुरात ज्यांना वाढीव टॅक्सची नोटीस आली आहे, त्यांना माझं एकच सांगणं आहे: रकमेवर भांडू नका, नोंदीवर भांडा.

आधी महानगरपालिकेच्या झोन ऑफिसात अर्ज करून असेसमेंटची, म्हणजे कर कसा आकारला त्या नोंदींची, नक्कल घेतली. हिशेब समजायला सोपा आहे. घराचं वर्षाचं भाडं किती येऊ शकेल ते ठरवतात, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात, उरतं ते करयोग्य मूल्य. सगळे कर त्याच्यावर टक्क्यांनी लागतात. म्हणजे वरची एक नोंद चुकली की खालची प्रत्येक ओळ चुकते. आमच्या नकलेत गच्चीवरचं टिनाचं शेड पक्कं बांधकाम धरलं होतं आणि समोरची खोली दुकान. दिरांचं किराणा दुकान तिथं होतं खरं, पण ते बंद होऊन आता ती खोली सासूबाईंची आहे. बिलात रोजगार हमी उपकराची ओळ होती. राहत्या घराला शिक्षण उपकर लागतो, रोजगार हमीचा लागत नाही, तो बिगरनिवासी जागेला असतो. तुमच्या बिलात ही ओळ दिसली तर घराचा कुठला भाग बिगरनिवासी धरलाय ते लगेच पाहा.

हरकतीच्या अर्जात 'अन्याय झाला' वगैरे काहीच लिहिलं नाही. नोंद काय, खरं काय, पुरावा काय, एवढंच. मंजूर नकाशा, घरगुती दराचं वीजबिल, दुकानाचा परवाना रद्द केल्याचा कागद, फोटो जोडले. आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्याच.

पाहणीला आलेले इन्स्पेक्टर नीट वागले. टेपचं एक टोक मी धरलं, एक त्यांनी. नक्कल चौरस मीटरमध्ये, आमचा नकाशा चौरस फुटात. १ चौरस मीटरला १०.७६ चौरस फूट धरून त्यांनी तिथंच पडताळलं. समोरच्या खोलीत खाट आणि देव्हारा पाहून विचारलं, "आजी, दुकान कधी बंद झालं?" सासूबाई म्हणाल्या, "दोन वर्षं झाले नं, बाबू."

निकालाची वाट पाहणं मात्र फार जिवावर येतं. तरी बिल थांबवू नका, थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. आम्ही हरकत कायम ठेवून पैसे भरले. निर्णय पटला नाही तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील आहे, पण मुदत फक्त १५ दिवसांची, आधी हरकत घेतलेली हवी आणि वादातली रक्कम भरलेली हवी.

आमची खोली निवासी झाली. शेड सुटलं नाही, कच्चं बांधकाम म्हणून राहिलं, आणि ते योग्यच आहे. जादा भरलेले पैसे पुढच्या बिलात वळते व्हावेत म्हणून वेगळा अर्ज दिलाय, त्याची पोच मिळाली आहे.