कॉलर, बाही आणि पाठ: वर्षभर एकाच गेम प्लॅनवर खेळल्यानंतर

ब्राझिलियन जिउ-जित्सूत, म्हणजे पकडी आणि गळफासांनी मुख्यतः जमिनीवर लढायच्या खेळात, ब्लू बेल्ट (व्हाइटनंतरचा पट्टा) मिळाल्यावर बहुतेकांची एकच अडचण होते. डाव भरपूर माहीत असतात, पण रोलिंग (सरावातली लढत) सुरू झालं की नेमका कुठला लावायचा हे सुचेपर्यंत समोरचा गार्ड (खालच्याने पायांनी धरलेला बचाव) पास करून, म्हणजे पाय ओलांडून, साइड कंट्रोलला (बाजूने छातीवर) येऊन बसलेला असतो. यावरचा उपाय जुनाच आहे, तो म्हणजे स्वतःचा गेम प्लॅन. उभ्याने सुरुवात कशी करायची, तिथून कुठे जायचं, समोरच्याने अडवलं तर पुढे काय, हे आधी ठरवायचं आणि महिनोन्महिने तेच घोटायचं. पुण्यातल्या आमच्या क्लासमध्ये गेलं जवळपास वर्षभर मी हेच करतेय, मुख्यतः गी (कॉलरचा जाड पोशाख) घालून. माझं वजन 57 किलोच्या आसपास, आणि रोलिंगला जोडीदार बहुतेक वेळा 70-80 किलोचे पुरुष. हलक्या अंगाने खेळणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्लॅन सांगते. उभ्याने कॉलर आणि बाही पकडायची, एक पाय त्याच्या नितंबावर, दुसरा बायसेपवर ठेवून गार्डमध्ये बसायचं. समोरचा गुडघ्यांवर आला तर सिझर स्वीप (स्वीप म्हणजे खालून उलटवून वर येणं). उभा राहून मागे खेचायला लागला तर कॉलर ड्रॅग (कॉलर ओढून त्याला पुढे पाडणं). अंगावर रेटत आला तर बायसेपवरचा पाय खांद्यावरून घेऊन ट्रँगल (पायांनी मान आणि हात कोंडणारा गळफास). या तिन्ही वाटा शक्यतो माउंटला (त्याच्या पोटा-छातीवर बसून) किंवा थेट पाठीवर नेऊन सोडायच्या. माउंटवर क्रॉस कॉलर चोकची (त्याच्याच कॉलरने गळफास) पहिली मूठ आत घालायची. ती टाळायला तो कुशीवर वळला की पाठ घ्यायची, आणि पाठीवरून बो अँड ॲरो चोक (कॉलर आणि पाय धनुष्यासारखे ओढून). बस, एवढंच. वहीच्या एका पानात मावतं.

पाठ का, तर तिथे त्याच्या ताकदीला काम उरत नाही. माउंटवर 80 किलोचा माणूस जोरात ब्रिज करतो (कंबर उचलून झटका देतो) तेव्हा मी हवेत जाते, हे खोटं कशाला सांगू. पण सीटबेल्ट पकड (एक हात खांद्यावरून, दुसरा काखेतून) घट्ट आहे, दोन्ही हुक (त्याच्या मांड्यांत अडकवलेले माझे पाय) आत आहेत आणि माझी छाती त्याच्या पाठीला चिकटलेली आहे, अशा वेळी त्याचे हात माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. मार्सेलो गार्सिया आपल्या गटात चार वेळा, 2003, 2005, 2007 आणि 2011 साली, एडीसीसी ही गीशिवाय खेळली जाणारी मोठी स्पर्धा जिंकला. तो खुल्या गटात आपल्यापेक्षा कितीतरी जड लोकांशी भिडायचा, आणि त्याच्या खेळाचं बरंचसं वजन पाठ घेण्यावर होतं. मोठ्या माणसावर जे चालणार नाही ते हाती धरायचंच नाही, हा त्याचा दंडक मला फार मोलाचा वाटतो.

दुसरं टोक रॉजर ग्रेसीचं. 2009 च्या जागतिक स्पर्धेत त्याने स्वतःच्या वजनी गटात आणि खुल्या गटातही प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला टॅप करायला (हात आपटून हार मानायला) लावलं, आणि हत्यार मुख्यतः एकच, माउंटवरून कॉलर चोक. पहिल्या आठवड्यात शिकवतात तोच. समोरच्याला काय येणार ते ठाऊक असायचं, तरी थांबवता यायचं नाही. हे सामने बघितले की डावांची संख्या वाढवायची हाव आपोआप उतरते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. गेम प्लॅन आवडत्या सबमिशनपासून (टॅप करायला लावणाऱ्या डावापासून) उलटा बांधत जाऊ नये, आणि डावांच्या यादीला प्लॅन म्हणू नये. खरी किंमत आहे ती दोन डावांच्या मधल्या जोडाला. वहीत मी प्रत्येक जागेसाठी तीनच गोष्टी लिहिते: मला इथे पहिलं काय हवंय, समोरचा त्यावर सहसा कोणती दोन उत्तरं देतो, आणि त्या प्रत्येक उत्तरावर माझं काय. तिसरा रकाना रिकामा असेल तर तो डाव प्लॅनमध्ये घ्यायचा नाही, कितीही देखणा असो. ओमोप्लाटा (पायांनी खांदा पिळायचा डाव) मला जिवापाड आवडतो, पण त्यानंतर समोरच्याने कोलांटी मारली की माझ्याकडे ठाम उत्तर नाही. म्हणून तो सध्या पानाबाहेर.

सिझर स्वीपचंच बघा. उजवी मूठ त्याच्या कॉलरमध्ये आडवी, डाव्या हातात त्याची उजवी बाही, माझी उजवी नडगी त्याच्या पोटावर आडवी आणि डावा पाय त्याच्या उजव्या गुडघ्याशी जमिनीला लागून. पुस्तकात हे कात्रीसारखं दिसतं, त्यामुळे सगळे पायांच्या मागे लागतात. आमच्या सरांनी मला बरेच आठवडे पाय हलवूच दिले नाहीत. "आधी त्याला तुझ्या छातीवर घे. त्याचे गुडघे हलके झाले का? नाही ना? मग पाय कशाला मारतेस?" कॉलर आणि बाही ओढून त्याचं वजन माझ्या नडगीवर आलं की पुढचं काम जवळजवळ फुकटात होतं. वजन येण्याआधी कात्री मारली तर तो गुडघा बाहेर टाकून स्थिर होतो. आणि इथेच जोड आहे: तो गुडघा बाहेर गेला की माझा डावा तळपाय त्या गुडघ्यावर, आणि सरळ ढकलायचं. पकडी त्याच, दिशा तीच, नाव पुश स्वीप. दोन्ही वेगवेगळे डाव म्हणून शिकले तेव्हा एकही लागत नव्हता. एकाची अडवणूक म्हणजे दुसऱ्याचं दार, असं घोटल्यावर दोन्ही लागायला लागले.

कोल्हापूरकडच्या तालमीत वाढलेला एक मल्ल आमच्याकडे येतो. उभ्याने त्याच्याशी माझं काही चालत नाही, आणि चालावं अशी अपेक्षाही नाही. पण खाली गेल्यावर त्याचं अंग एक गोष्ट सोडत नाही. पाठ गादीला लागायची वेळ आली की तो पालथा होतो. "ताई, पाठ टेकली की आमच्यात संपलं," तो सहज म्हणाला. कुस्तीत ते शंभर टक्के बरोबर. जिउ-जित्सूत मात्र पालथं होणं म्हणजे पाठ देणं, आणि पाठ दोन्ही हुकांसह 3 सेकंद टिकवली की 4 गुण. त्याच्यामुळे टर्टलवरून (गुडघ्यांवर पालथा गोळा झालेल्यावरून) पाठ घ्यायचा माझा रियाज इतका झाला की ती वाट प्लॅनमध्ये मागाहून ठळक अक्षरात लिहिली. पूर्वी कुस्ती किंवा ज्युदो केलेले जोडीदार मिळत असतील तर त्यांच्याशी मुद्दाम खेळा.

स्पर्धेत काय झालं? प्रौढ ब्लू बेल्टचा सामना 6 मिनिटांचा असतो, तेवढ्यात विचार करत बसायला वेळ नाही. पहिल्या सामन्यात गार्डमध्ये बसले, समोरची मुलगी गुडघ्यांवर आली, सिझर स्वीपला तिने गुडघा बाहेर टाकला, पुश स्वीप लागला: 2 गुण. माउंट टिकलं: 4. चोक टाळायला ती वळली, पाठ मिळाली: आणखी 4. चोक काही बसला नाही, तिने हनुवटी आणि हात दोन्ही सांभाळले. वेळ संपली तेव्हा फलक 10 दाखवत होता. वहीतलं पान क्रमाने उलगडत गेलं, तो आनंद मी अजून विसरलेले नाही. पुढच्या सामन्यातल्या मुलीने कॉलरची पकड धरूच दिली नाही. प्रत्येक वेळी मूठ पडली की दोन्ही हातांनी तोडायची. तिने गार्ड पास केला, 3 गुण घेतले आणि तेवढ्यावर जिंकली. गार्डमध्ये बसण्याला गुण नसतात, पण तिथून पास झालात तर समोरच्याला 3 मिळतात. खाली बसून सुरुवात करणाऱ्या प्रत्येक प्लॅनची ही किंमत आहे, ती आधीच मान्य करून ठेवा.

तोटे आणखीही आहेत. कॉलर-बाहीचा खेळ बोटांना फार महाग पडतो. टेप लावूनही सकाळी मधल्या पेरांचे सांधे आखडलेले असतात, कीबोर्डवर काम असेल तर जाणवतं. पकड शेवटच्या क्षणापर्यंत लटकवत ठेवण्यापेक्षा वेळेत सोडून पुन्हा धरणं शिकून घ्या. नो-गीमध्ये (गीशिवाय खेळताना) अर्धा प्लॅन जातो, कारण कॉलरच नाही. पावसाळ्यात जाड विणीचा गी दोन-दोन दिवस वाळत नाही, मग इच्छा असो नसो नो-गीच खेळावं लागतं. तेव्हा कॉलर ड्रॅगच्या जागी आर्म ड्रॅग (हात ओढणं), आणि शेवटी रिअर नेकेड चोक (पाठीवरून नुसत्या हातांनी गळफास), एवढा बदल करून मी मुक्काम तोच ठेवला आहे. आणि क्लासमधल्या जोडीदारांना तुमचा प्लॅन पाठ होतो. मला तर हे हवंच होतं. त्यांनी दारं बंद केली म्हणून तिसरा रकाना भरत गेला.

सुटकेच्या डावांबद्दल थोडक्यात: ते प्लॅनच्या आधी. साइड कंट्रोलखाली मानेला आणि नितंबाला फ्रेम (अंतर राखायला आडवे हात), कूस सरकवून गुडघा आत. माउंटखाली कोपर-गुडघा सुटका आणि ब्रिज. एवढं भरवशाचं नसेल तर पकडायला हात पुढे करायचीच भीती वाटते, आणि प्लॅन कागदावर राहतो. म्हणून व्हाइट बेल्टवर सुरुवातीच्या काळात असला आराखडा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा सगळं चाखून बघावं. ब्लू बेल्टच्या आसपास, आपण रोलिंगमध्ये वारंवार कुठे जाऊन पडतो हे कळायला लागलं की वही काढावी.

माझ्या पानावर सध्या एक मोठी मोकळी जागा आहे, बॉटम हाफ गार्डची (मी खाली, त्याचा एकच पाय माझ्या पायांत). पास होता होता मी तिथेच अडकते, आणि जड माणसाने क्रॉसफेस घेतला (हाताने माझा चेहरा बाजूला दाबला) की अंडरहुक (त्याच्या काखेतून घालायचा हात) मिळत नाही. गुडघ्याची ढाल लावून पुन्हा बाही पकडायची आणि कॉलर-बाहीवर परतायचं, हे सध्या घोटतेय. त्यावर समोरचा नी कट (गुडघा सारून गार्ड पास) करून वरचा गुडघा खाली दाबतो. त्यावर माझं उत्तर अजून ठरलेलं नाही. या महिन्यात रोज क्लासनंतरचा पहिला रोल मी मुद्दाम तिथूनच सुरू करते, आणि जोडीदारांना आधीच सांगते की क्रॉसफेस घेऊनच सुरू करा.