एटिमॉनलाइनवर ‘ट्रान्झिट’: थेट धातूपर्यंत नेणारा कोश

डग्लस हार्पर यांचा एटिमॉनलाइन हा इंग्रजी शब्दांचा मोफत ऑनलाइन व्युत्पत्तिकोश ‘ट्रान्झिट’सारख्या शब्दावर तपासून पाहावा. नोंद लॅटिन ‘ट्रान्झितुस’वर थांबत नाही. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, ‘ईरे’ म्हणजे जाणे, अशी फोड करून ती ‘एइ’ या मूळ धातूचा दुवा देते. तो दुवा उघडाच! एक्झिट, इनिशियल, अगदी अँबिशनसुद्धा (रोममधले उमेदवार मतं मागत फिरत, त्यावरून) तिथे एकत्र भेटतात. शेजारीच संस्कृत ‘एति’ आणि ‘अयनम्’. आपलं उत्तरायण याच कुळातलं. संस्कृत रूपं रोमन लिपीत असल्याने ऱ्हस्व-दीर्घ मात्र संस्कृत कोशात पडताळावेत.

गफलत होते ती नोंदीत दिलेल्या सालात. ते पहिल्या लेखी नोंदीचं असतं. बोलण्यात शब्द त्याआधीही असू शकतो. आणि ‘एइ’सारखा तारांकित (आधी * ही खूण असलेला) धातू कुठे लिहिलेला सापडलेला नाही, तो भाषांच्या तुलनेतून मांडलेला आहे.

शुक्राचं २०१२चं अधिक्रमण (सूर्यबिंबावरून सरकणं), विमानतळावरचा थांबा, सर्वेक्षकांचं दुर्बीण उलटी फिरवता येणारं कोनमापक यंत्र, सगळीकडे ‘ट्रान्झिट’च. एटिमॉनलाइनवरच्या व्याख्या त्रोटक असतात, त्यामुळे अर्थासाठी नेहमीचा शब्दकोश सोबत हवाच.