लीडलेस पेसमेकर मांडीच्या शिरेतून काढला, दुसरा बसवला: आप्पांचा अनुभव (देवगड ते मुंबई)

काढायच्या प्रोसिजरला पाचपैकी साडेचार. पहिल्यांदा बसवताना जी माहिती दिली तिला दीड, आणि तोही वॉर्डमधल्या सिस्टरमुळे. हॉस्पिटलचं आणि मशीनच्या कंपनीचं नाव टाकत नाही, कमेंटमध्ये विचारू नका.

आमचे आप्पा 74 वर्षांचे, देवगडला हापूसची बाग. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके बेताल होणं) आहे आणि मध्येच ठोके एवढे स्लो व्हायचे की कलमाखालीच चक्कर येऊन बसायचे. पेसमेकर लागणार हे नक्की होतं. साध्यात कॉलरबोनखाली डबी आणि तिथून शिरेतून हृदयात वायर, आणि वायर नीट बसेपर्यंत काही आठवडे तो हात खांद्याच्या वर नेऊ नका म्हणतात. आंब्याच्या सीझनमध्ये आप्पांना हे सांगून बघा. म्हणून लीडलेस. डबी नाही, वायर नाही, अख्खं मशीनच मांडीच्या शिरेतून नेऊन हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात अडकवतात. यात मायक्रा आणि एव्हीर अशी मॉडेलं येतात, मायक्रा जेमतेम 26 मिलीमीटर लांब असतं, एव्हीर 38, म्हणजे सगळं मिळून बोटाच्या दोन पेरांच्या आत. पैसे साध्यापेक्षा कितीतरी जास्त, ते वेगळं.

काही आठवड्यांनी चेकिंगला गेलो तर थ्रेशोल्ड वाढलेला. म्हणजे ठोका द्यायला मशीनला जेवढा करंट लागायला हवा त्याच्यापेक्षा बराच जास्त लागत होता. असं राहिलं तर बॅटरी लवकर उतरते आणि अजून वाढला तर मशीन ठोका देतं पण हृदय तो घेतच नाही. डॉक्टर म्हणाले दोन रस्ते आहेत. एक, हे बंद करून आत तसंच ठेवायचं आणि शेजारी दुसरं बसवायचं, मशीन एवढं छोटं की जागा होते. दोन, हे काढायचं. आणि काढायचंच असेल तर आत्ता, कारण जसे महिने जातात तसं मशीनवर आतल्या आत पेशींचं आवरण चढत जातं, मग मागचं टोक सापडणं आणि पकडणं अवघड होतं. वर्षानुवर्षं आत राहिलेली मशीनंही लोकांची निघालीत, पण तेव्हा खात्री कमी आणि रिस्क जास्त.

आप्पांनी विचारलं काढणार कसं. मशीनच्या मागच्या टोकाला पकडायला छोटी घुंडी ठेवलेली असते, मांडीतून कॅथेटर (लांब नळी) वर न्यायचा, त्यातून तारेचा फास बाहेर काढून घुंडीत अडकवायचा, आवळायचा, आणि मशीन मागे ओढून कॅथेटरच्या नळीत घ्यायचं, बाहेर. आप्पा म्हणाले, "म्हंजे घळ लावन आंबो काढतत तसाच मा." मुंबईच्या डॉक्टरांना घळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं, मग आप्पांनी त्यांना काठी, जाळी, देठ सगळं समजावलं आणि ते पण शांतपणे ऐकत बसले. त्या माणसाला माझे पूर्ण मार्क.

मशीन भिंतीला कसं धरून असतं त्यावर सुटायची पद्धत ठरते. मायक्राला निटिनॉल नावाच्या लवचिक धातूचे चार आकडे असतात, ओढले की सरळ होऊन सुटतात. एव्हीरला स्क्रू, तो उलटा फिरवून सोडवायचा, आणि पुढे कधी काढता यावं हे धरूनच त्याची रचना केलीय, काढायचा कॅथेटर पण त्याचा वेगळा येतो.

प्रत्यक्षात छाती उघडली नाही, पूर्ण भूल पण नाही. मांडीत इंजेक्शन, झोप येईल एवढं औषध, वर एक्सरेचा स्क्रीन आणि सोनोग्राफी. मांडीतली नळी मात्र बारीक नसते, बाहेरून 9 मिलीमीटरच्या आसपास जाडी. म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं वेळापत्रक आधी नीट ठरवून घ्या. हृदयाची भिंत फाटून बाजूला रक्त साठू शकतं हे त्यांनी न लपवता सांगितलं, सर्जनची टीम तयार होती. पहिल्या दोन वेळी फास निसटला, मग बसला. जुनं निघालं आणि त्याच बैठकीत नवीन दुसऱ्या जागी बसवलं, थ्रेशोल्ड या वेळी चांगला आला. नंतर मांडीला टाका आणि काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, आप्पांच्या मते सगळ्यात वाईट भाग हाच.

आता दीड मार्क का. पहिल्यांदा बसवताना आम्हाला सांगितलं, "हे लाइफटाइम आहे, विसरून जा." अहो लाइफटाइम कसलं? चांगल्या चालणाऱ्या मशीनची बॅटरी पण कधीतरी संपणार, मायक्राच्या पहिल्या मॉडेलची अंदाजे 12 वर्षं धरतात, मग 50 वर्षांच्या माणसाला काय सांगणार? आणि काढायची वेळ येतच नाही असंही नाही. नॅनोस्टिम नावाचं लीडलेस 2013 ला युरोपात आलं, 2016 मध्ये त्याच्या बॅटऱ्या अचानक बंद पडायला लागल्या म्हणून बसवणं थांबवलं, आणि ज्यांच्यात होतं त्यांचं काढायचं की शेजारी नवीन लावायचं हा प्रश्न जगभर आला. हे बसवणाऱ्या डॉक्टरला माहीत नसणार का? पेशंटच्या माणसाला पाच मिनिटं बसवून सांगायला काय जातं. त्या सिस्टरने निदान फाइलमध्ये मॉडेल नंबर आणि बसवलेली तारीख लिहून दिली, दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलं तेच मागितलं.

तुम्ही घेत असाल तर बसवणाऱ्यालाच विचारा, तुम्ही स्वतः किती काढलेत? बसवणारे बरेच आहेत, काढणारे मोजके. काढायच्या सामानाचं बिल वेगळं लागतं, ते इन्शुरन्समध्ये बसतं का ते लेखी घ्या. आणि कोकणातल्या लोकांसाठी मुख्य म्हणजे चेकिंग, ते त्या-त्या कंपनीच्या प्रोग्रामरवरच (पेसमेकर तपासायचं यंत्र) होतं, प्रत्येक वेळी मुंबई परवडत नाही. आम्हाला आता कोल्हापूरला सोय मिळालीय, फोंडा घाटातून सकाळी जाऊन रात्री घरी, पण जायच्या आधी कंपनीचा माणूस प्रोग्रामर घेऊन येणार आहे का हा फोन कराच. येताना मुंबईहून तुतारी एक्सप्रेसने येणार असाल तर लोअर बर्थच घ्या, टाका ताजा असताना वर चढणं जमत नाही.