कर्करोगानंतरच्या व्यायामासाठी मनगटी पट्टा: नेमका कोणाच्या सोयीचा?

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपल्यानंतर व्यायामाची घडी बसावी म्हणून पावले, नाडीचे ठोके आणि झोप यांची नोंद ठेवणारा एक मनगटी पट्टा मी काही महिन्यांपासून वापरत आहे. त्याच्या ॲपमध्ये कर्करोगातून बाहेर पडलेल्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आहे आणि तो पाहूनच मी हा पट्टा निवडला. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा या जातीच्या उपकरणांत सर्रास आढळतात.

कार्यक्रमाची आखणी मात्र चांगली आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशींत आठवड्यातून ३ वेळा प्रत्येकी ३० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि २ वेळा ताकदीचा व्यायाम सुचवलेला आहे. ॲपही तेच प्रमाण धरते. ताकदीचे व्यायाम वगळलेले नाहीत, याचे मला विशेष समाधान वाटले. काखेतील लसिका ग्रंथी काढलेल्या बाजूच्या हाताला सूज येईल या भीतीने त्या हाताने जड काही उचलूच नये, असे रुग्णांना वर्षानुवर्षे बजावले जात असे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मात्र, देखरेखीखाली आणि हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांमुळे हाताची सूज वाढत नाही, असे दिसून आले. ॲपमधील चित्रफिती अगदी हलक्या वजनापासून सुरू होतात आणि खांदा आखडलेल्या स्त्रीला जमेल अशा गतीने पुढे जातात.

इतका विचार केलेल्या कार्यक्रमाने पट्टा बांधताना शस्त्रक्रिया कोणत्या बाजूला झाली हे विचारू नये, याचे आश्चर्य वाटते. तुमचा वापराचा हात कोणता, एवढाच प्रश्न येतो. सूज येण्याची शक्यता असलेल्या हातावर घट्ट काही बांधू नये, ही सूचना कुठेही नाही. नाडीच्या ठोक्यांवरून ठरवलेले श्रमाचे टप्पेही फसवे ठरतात, कारण केमोथेरपीनंतरच्या रक्तक्षयात ठोके एरवीच वाढलेले असतात, तर बीटा ब्लॉकर गटातील (हृदयाची गती कमी करणाऱ्या) गोळ्या चालू असल्यास ते श्रमाच्या मानाने वाढत नाहीत. रोज १०,००० पावलांचे जे लक्ष्य आपोआप ठरलेले येते, त्याचे मूळ १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावात आहे. त्याचा कर्करोगाच्या उपचारांशी संबंध नाही.

माझा खरा आक्षेप याहून मोठा आहे. पट्टा हाताच्या हेलकाव्यावरून पावले ओळखतो. कडेवर मूल असेल, हातात भरलेली बादली असेल किंवा दोन्ही हातांनी ढकलगाडी लोटत असाल, तर त्यातील बरीच पावले हिशेबात येत नाहीत. त्याचा दिवस मध्यरात्री संपतो, त्यामुळे रात्रपाळी करणारीची सलग दिवसांची साखळी तुटते आणि पडद्यावर ‘आज तुम्ही कमी हललात’ अशी समज मिळते. दिवसभर उभ्याने काम करून आलेल्या आणि त्यावर स्वयंपाक उरकलेल्या बाईला हे वाचून काय वाटत असेल, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

कोणाला व्यायाम जमतो आणि कोणाला नाही, ही तफावत काल्पनिक नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील १,७३५ रुग्ण स्त्रियांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निदानानंतर ५९ टक्के स्त्रियांच्या हालचाली घटल्याचे आणि केवळ ३५ टक्के स्त्रिया तेव्हाच्या शिफारशींइतका व्यायाम करत असल्याचे आढळले. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये शिफारशींइतका व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा कमी होते. ट्रिपल निगेटिव्ह हा, संप्रेरकांवरील औषधांना दाद न देणारा स्तनाच्या कर्करोगाचा प्रकार कृष्णवर्णीय स्त्रियांत अधिक आढळतो आणि त्यात केमोथेरपी बहुधा टळत नाही, म्हणजे काहींच्या वाट्याला थकवाच जास्त येतो. त्यात पगारी रजा नाही, मुलांकडे पाहायला कोणी नाही, घराबाहेर निर्धास्त चालायला जागा नाही, अशी भर पडली की उरलेल्या इच्छाशक्तीला दोष देण्यात काय अर्थ आहे? ॲप मात्र ‘तुमच्या वयाच्या स्त्रियां’मध्ये तुमचा क्रमांक लावते आणि या स्त्रिया म्हणजे पट्टा विकत घेऊ शकलेल्या स्त्रिया, हे सांगत नाही.

मी पट्टा शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूच्या मनगटावर सैलसर बांधते, क्रमांकाचे पान बंद ठेवते आणि लक्ष्य पावलांऐवजी मिनिटांत लावते. श्रम मोजायला चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, ही साधी कसोटी ठोक्यांवरून ठरवलेल्या टप्प्यांपेक्षा जास्त भरवशाची आहे. ज्यांच्या दिवसात स्वतःचा असा अर्धा तास निघतो आणि ज्यांना नोंदी पाहून हुरूप येतो, त्यांनी हा पट्टा जरूर घ्यावा. ज्यांच्या हाताला सूज आहे, किंवा केमोथेरपीमुळे तळपाय बधिर होऊन तोल जातो, त्यांनी हेच पैसे आधी कर्करोगाच्या रुग्णांसोबत काम केलेल्या फिजिओथेरपिस्टकडे खर्च करावेत.