मशीन मॉनिटरिंगचे नऊ महिने: साकीनाक्याच्या गाळ्यातला अनुभव

साकीनाक्याजवळ आमचं मशीन शॉप आहे. चार सीएनसी टर्निंग (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या लेथ), एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) आणि बाबांनी घेतलेली एक हाताने चालवायची एचएमटी लेथ. दोन शिफ्ट, अकरा माणसं. पाडव्याच्या सुमारास पाच मशीनवर मॉनिटरिंग सिस्टीम बसवली. मशीन कधी चालू, कधी उभी, किती जॉब (पार्ट) निघाले, हे सगळं मोबाईलवर आणि भिंतीवरच्या टीव्हीवर दिसतं. मशीनमागे १८,००० रुपये पडले, शिवाय महिन्याचे ७०० रुपये. आमच्याच इस्टेटमधले दोघं-तिघं विचारत असतात, "घ्यावी का?" म्हणून नीट लिहून काढते आहे.

पहिली अडचण जुन्या कंट्रोलरची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकाची. तीन मशीन २००७-०८ च्या, त्यांना इथरनेट पोर्टच नाही. आरएस-२३२ हा जुना केबल पोर्ट आहे, पण तो प्रोग्राम चढवायला लागतो. मग कंपनीच्या माणसाने स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) मोटरच्या केबलला करंट मोजणारी क्लॅम्प लावली. ठरावीक अँपिअरच्या वर गेलं की मशीन चालू, खाली आलं की उभी. ऐकायला सोपं वाटलं.

दुसऱ्याच आठवड्यात पितळेच्या बुशची ऑर्डर लागली. फिनिशिंग कट जेमतेम ०.२ मिमीचा. पितळ मऊ, कट हलका, त्यामुळे मोटर जवळजवळ रिकामी फिरते तेवढाच करंट घेते. टीव्हीवर ती मशीन तासन् तास लाल. उलट सकाळी स्पिंडल गरम करायला नुसती फिरवली की हिरवी! आमचे सेटर (मशीनवर नवं काम लावून देणारे) काका बावीस वर्षं इथे आहेत. ते मला हाताला धरून टीव्हीसमोर घेऊन गेले. "ताई, माझ्या हातात गरम जॉब आहे आणि हा मला बसलेला दाखवतोय."

त्याच आठवड्यात मी ऑपरेटरच्या नावानिशी रिपोर्ट छापून बोर्डावर लावला होता. आकडे चुकीचे आणि नावं खरी. तो कागद आठव्या दिवशी काढला, पण माणसांचा विश्वास परत यायला तीन महिने लागले. छोट्या कारखान्यात हे का चालत नाही असं कुणी विचारलं तर पैसा आणि इंटरनेट ही दोनच कारणं सांगतात. आमच्याकडे दोन्हींची सोय झाली होती. अडलं ते याच कागदावर.

करंटचा नाद सोडून मशीनच्या टॉवर लॅम्पमधल्या (मशीनची स्थिती दाखवणाऱ्या रंगीत दिव्यांच्या खांबातल्या) हिरव्या दिव्याचा २४ व्होल्टचा सिग्नल घेतला तेव्हा आकडे ताळ्यावर आले. एका मशीनला टॉवर लॅम्पच नव्हता. तिथे न वापरलेल्या एम-कोडवर (प्रोग्राममधून चालू-बंदचा हुकूम देणारा कोड) रिले, म्हणजे विजेवरचा स्विच, टाकला आणि प्रोग्रामच्या सुरुवातीला-शेवटी एकेक ओळ वाढवली. काम इलेक्ट्रिशियनने दीड दिवसात केलं. नवीन घेणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून हेच मागावं.

मशीन उभी आहे हे कळून उपयोग नाही, का उभी आहे ते कळायला हवं. त्यासाठी टॅबलेट दिले होते. स्क्रीन इंग्रजी, यादीत सतरा कारणं. ऑपरेटरचे हात कूलंटने आणि तेलाने भरलेले. टच लागत नाही, बोट पुसून पुन्हा दाबेपर्यंत मशीन सुरू झालेली असते. मग जो तो सगळ्यात वरचं कारण दाबून मोकळा. महिनाभराचा सगळा डेटा "इतर" मध्ये जमा झाला. शेवटी टॅबलेट काढले आणि प्रत्येक मशीनला पाच बटणांची पत्र्याची पेटी लावली: माल नाही, टूल नाही, सेटिंग, तपासणी, बिघाड. कारणं ऑपरेटरनीच ठरवली. स्टिकर मराठी आणि हिंदीत, कारण निम्मी मुलं उत्तर प्रदेशची आहेत.

आणि मग जे दिसलं त्यासाठी मी ही सिस्टीम पुन्हा विकत घेईन. सकाळच्या सातच्या शिफ्टला रोज पहिला तास-दीड तास दोन-तीन मशीन उभ्या. मी धरून चालले होते की बदलापूर-टिटवाळ्याहून येणाऱ्यांच्या लोकल लेट होतात. पण माणसं वेळेवर हजर होती! बटण दाबलेलं "टूल नाही". इन्सर्टच्या (टूलला लावायच्या कटिंग पात्यांच्या) कपाटाची किल्ली स्टोअरवाल्याकडे, आणि तो साडेआठला येतो. रात्रपाळीत इन्सर्ट तुटला की सकाळी त्याची वाट बघायची. इतकी वर्षं कुणी बोललं नाही, कारण बोललं की कामचुकार ठरायचं. आता पन्नास इन्सर्टचा डबा शॉपमध्ये असतो, वहीत लिहून घ्यायचे. दुसरा मोठा वेळ "तपासणी"त जात होता: फर्स्ट पीस (सेटिंगनंतरचा पहिला जॉब) पास करणारा माणूस एकच, मशीन पाच. हे अजून पुरतं सुटलेलं नाही. उभ्या वेळेतला मोठा भाग ऑफिसच्या बाजूचा निघाला, ऑपरेटरच्या नाही.

विक्रेते ओईई ८५ टक्के असावा असं सांगतात. उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार म्हणजे ओईई. ९०, ९५ आणि ९९.९ टक्के गुणले की ८५ च्या आसपास येतं. जपानच्या सेइची नाकाजिमांच्या टीपीएम या मशीन-देखभालीच्या पद्धतीतून हा आकडा जगभर गेला. एकच पार्ट दिवसेंदिवस चालवणाऱ्या लाइनला तो ठीक आहे. आमच्याकडे एका मशीनवर दिवसाला तीन सेटिंग बदलतात. आमचा आकडा आमच्याच मागच्या महिन्याशी लावायचा, एवढं मी ठरवलं आहे.

पावसाळ्यात इंटरनेटची फायबर दोन दिवस बंद होती. मशीनची माहिती गोळा करून पुढे पाठवणाऱ्या बॉक्समध्ये डेटा साठतो असं सांगितलं होतं. साठला फक्त आठ तासांचा, बाकीचा गेला. पैसे देण्याआधी हे विचारून लेखी घ्या. आणि बॉक्स वर लावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा या गाळ्यात कमरेएवढं पाणी होतं. बाबांनी सगळे पॅनल उंचावर घेतले ते तेव्हापासून. बसवायला आलेला मुलगा बॉक्स गुडघ्याएवढ्या उंचीवर लावत होता.

एका गोष्टीबद्दल उघड कुणी बोलत नाही. आमच्या एका मोठ्या ग्राहकाने डॅशबोर्डचं लॉगिन मागितलं, "पारदर्शकतेसाठी". त्यात सायकल टाइम सेकंदापर्यंत दिसतो. चार मिनिटं धरून रेट दिलेला जॉब काकांनी टूलपाथ (टूलचा फिरण्याचा मार्ग) सुधारून सव्वातीनवर आणला आहे. ते पंचेचाळीस सेकंद आमच्या कसबाचे आहेत, पुढच्या वाटाघाटीत ते आमच्याविरुद्ध वापरले जाणार. मी फक्त जॉबची संख्या आणि डिस्पॅचची तारीख दिली. डेटा कुणाचा, हे कंपनीच्या करारात एका ओळीत होतं आणि ती ओळ आमच्या बाजूची नव्हती. बदलून घेतली.

१ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग सूक्ष्म गटात येतो. आम्ही त्यातले. इथे आयटीचा माणूस नसतो, मालकच सगळं बघतो. अवजड उद्योग मंत्रालयाच्या समर्थ उद्योग योजनेतलं, कारखान्यांना असं तंत्र दाखवणारं सी४आय४ केंद्र पुण्यात आहे. घेण्याआधी अशा ठिकाणी प्रत्यक्ष बघायला हवं होतं. मी फक्त माहितीपत्रकं वाचली.

एचएमटी लेथला काही लावलेलं नाही, लावणारही नाही. ती दिवसाला दोन तास चालते. बाकी पाच मशीनचं वर्ष पाडव्याला संपतं, तेव्हा नूतनीकरण करणार आहे. काकांनी परवा सहावं बटण मागितलं, "ड्रॉइंग कळत नाही" यासाठी. पेटीत जागा आहे. येत्या रविवारी वायर ओढून घेतो.